घरी बीपी मोजताय? एका आकड्यावर जाऊ नका, चढउतार कसा बघायचा ते बघा

सकाळी १२८, दुपारी १४६, घाबरून पाच मिनिटांनी परत घेतलं तर १३४. यातलं खरं कुठलं असं बरेच जण विचारतात आणि उत्तर असं की तिन्ही खरी असू शकतात. बीपी दर ठोक्याला थोडं हलतं, झोपेत उतरतं, पहाटे चढायला लागतं, जिना चढलात की वर, फोनवर कुणाशी वाजलं की आणखी वर. प्रश्न एवढाच की तुमच्या आकड्यातला किती चढउतार शरीराचा आहे आणि किती नुसता मोजण्यातल्या गोंधळाचा. आधी गोंधळ काढायचा, मग जे उरेल ते बघायचं.

हे बघायचंच कशाला, सरासरी पुरे नाही का? बरीच वर्षं तसंच मानायचे. मग २०१० मध्ये ऑक्सफर्डचे पीटर रॉथवेल आणि त्यांच्या टीमने लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात दाखवलं की दवाखान्याच्या प्रत्येक व्हिजिटला ज्यांचं वरचं बीपी (दोन आकड्यांतला मोठा) जास्त वर-खाली होत होतं त्यांना स्ट्रोकचा धोका जास्त होता, आणि सरासरी हिशोबात धरूनही तो फरक उरत होता. त्याच कामात अ‍ॅम्लोडिपीन घेणाऱ्यांमधला चढउतार अ‍ॅटेनोलॉल घेणाऱ्यांपेक्षा कमी निघाला (दोन्ही बीपीच्याच गोळ्या). जपानमधल्या ओहासामा इथे लोकांनी घरीच रोज सकाळी मोजलेल्या बीपीवरूनही असंच दिसलं, दिवसागणिक जास्त हलणाऱ्यांमध्ये हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होणारे मृत्यू जास्त. पण लगेच घाबरू नका, कारण हा नुसता संबंध आहे, एकामुळे दुसरं होतं याचा पुरावा नाही. रक्तवाहिन्या कडक झाल्या की बीपी जास्त हलतं आणि स्ट्रोकही त्यामुळेच वाढतो असंही असू शकतं. चढउतार एवढ्याच्या आत आणा असं टार्गेट डॉक्टरांच्या गाईडलाइनमध्ये अजून नाही, पहिला मान अजून सरासरीचाच.

आता मशीन. दंडाला पट्टा लावायचं ऑटोमॅटिक मशीन घ्या, मनगटाचं शक्यतो नको, आणि घेण्याआधी ते मॉडेल तपासलेलं आहे का ते स्ट्राइड बीपी (तपासून पास झालेल्या मशीनची यादी देणारी वेबसाइट) इथल्या यादीत बघा, नावाजलेली कंपनी आहे एवढ्यावर जाऊ नका. पट्ट्याच्या साइजकडे कुणी बघतच नाही आणि सगळ्यात मोठा घोळ तिथेच होतो. दंडाचा घेर टेपने मोजा (खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये) आणि पट्ट्यावर छापलेल्या रेंजमध्ये तो बसतो का बघा. २०२३ च्या एका ट्रायलमध्ये ज्यांना सगळ्यात मोठा पट्टा लागत होता त्यांना नेहमीचा लावल्यावर वरचं बीपी सरासरी १९.५ पॉइंटने जास्त आलं. एवढ्या फरकात नॉर्मल माणूस पेशंट होऊन बसतो हो! घड्याळात किंवा अंगठीत बिनपट्ट्याचं बीपी दाखवणारी जी उपकरणं आलीयत ती निदानासाठी किंवा गोळ्या बदलण्यासाठी वापरू नयेत असंच युरोपियन हायपरटेन्शन सोसायटीचं म्हणणं आहे, त्यामुळे माझं मत विचाराल तर ती सध्या पावलं मोजायलाच ठेवा.

हात कुठे ठेवता यानेही आकडा बदलतो. पट्टा हृदयाच्या लेव्हलला हवा, म्हणजे हात टेबलावर टेकवून. २०२४ च्या ट्रायलमध्ये हात मांडीवर ठेवला तर वरचं साधारण ४ आणि नुसता बाजूला लोंबकळत ठेवला तर साडेसहा पॉइंट जास्त आलं. बाकी नेहमीचंच आहे, पण ते दर वेळी करायचं: पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नाही, लघवी तुंबलेली नाही, आधीचा अर्धा तास चहा-कॉफी सिगारेट व्यायाम नाही, पाच मिनिटं शांत बसायचं आणि मोजताना बोलायचं नाही. बाजूला बसून किती आलं किती आलं करणाऱ्यालाही गप्प बसवा. पट्टा उघड्या दंडावर, बाही वर सरकवून ती करकचली असेल तर काढूनच टाका.

पहिल्याच दिवशी दोन्ही दंडांवर मोजा. थोडा फरक असतोच, ज्या हाताचं जास्त येतं तो हात कायमचा धरा. पण फरक दर वेळी १५ च्या वर येत असेल तर डॉक्टरांना सांगा, कधीकधी एका हाताची रक्तवाहिनी अरुंद झालेली असते.

मोजायचं कधी, तर सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, दर वेळी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून. सकाळचं उठल्यावर तासाभरात, लघवीला जाऊन आल्यावर, गोळी आणि नाश्त्याच्या आधी. संध्याकाळचं रोज साधारण एकाच वेळी. पहिल्या दिवसाचे आकडे हिशोबात धरायचे नाहीत, तेव्हा टेन्शनने जास्त येतात. बाकी सगळ्यांची सरासरी काढा. घरी १३५/८५ किंवा जास्त म्हणजे वाढलेलं धरतात, दवाखान्यात तीच रेषा १४०/९० ची असते (अमेरिकन गाईडलाइनमध्ये ती आणखी खाली आहे). आणि आकडा आवडला नाही म्हणून तिसऱ्यांदा चौथ्यांदा मोजून त्यातला बरा तेवढा लिहायचा, हे नको. सगळे लिहा नाहीतर मोजूच नका.

आता चढउताराचा हिशोब, मोबाइलमधल्या एक्सेल शीटमध्ये होतो. समजा एकाच्या सहा सकाळच्या वरच्या बीपीच्या सरासऱ्या १२८, १४२, १३१, १३८, १२६, १४५. दुसऱ्याच्या १३३, १३६, १३५, १३४, १३७, १३५. दोघांची सरासरी तंतोतंत १३५, पण स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरलेत ते) काढलं तर पहिल्याचं ७.८ आणि दुसऱ्याचं १.४. अजून एक माप आहे, लागोपाठच्या दोन दिवसांतला फरक काढायचा (वजाबाकीचं चिन्ह सोडून) आणि त्याची सरासरी घ्यायची. पहिल्याचं ते १२.६ येतं. आता तेच सहा आकडे लहान ते मोठे असे हळूहळू चढत आले असते तर स्टँडर्ड डेव्हिएशन तेवढंच राहिलं असतं पण हे दुसरं माप ३.८ वर आलं असतं, म्हणजे रोज उडी मारणं वेगळं आणि आठवडाभरात हळूहळू चढणं वेगळं, हे त्यात दिसतं. मात्र सहा आकड्यांवरून निघालेलं हे माप कच्चंच, दोन-तीन महिन्यांनी परत एक आठवडा मोजून तसंच दिसतंय का बघा, आणि अमुक आलं म्हणजे धोका अशी मान्य झालेली रेषा नाही हे लक्षात ठेवा.

आकड्यांपेक्षा शेजारचा रकाना जास्त कामाचा असतो असं मला वाटतं. गोळी चुकली, झोप नीट नाही, अंग दुखत होतं म्हणून दुखण्याची गोळी घेतली (आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या बीपी वाढवतात), खारट जास्त झालं, दारू, सर्दीचं औषध, सगळं तिथे लिहा. चढउताराचं एक साधं कारण गोळी कधी घेतली कधी विसरली हे असतं आणि रकाना नसेल तर ते कधीच कळत नाही, उलट डोस वाढतो. सकाळचे आकडे कायम संध्याकाळपेक्षा बरेच जास्त दिसले तर गोळीचा असर रात्रीतच संपतोय का हे डॉक्टरांना विचारा, वेळ स्वतः बदलू नका. झोपेतलं बीपी साधारण १० ते २० टक्के उतरायला हवं, ते घरच्या साध्या मशीनवर दिसत नाही, त्यासाठी २४ तासांचं मशीन लावतात. घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर ते आवर्जून सांगा, झोपेत श्वास अडत असेल तर त्यानेही बीपी चढतं.

उठल्यावर चक्कर येत असेल तर आधी बसून मोजा, मग उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी. वरचं २० किंवा खालचं १० ने पडलं तर ते लिहून न्या. मशीनवर अनियमित ठोक्याचं चिन्ह वारंवार येत असेल तर ईसीजी करून घ्या, कारण ठोकेच अनियमित असतील तर मशीनचे आकडेही उगाच हलतात आणि वरचा सगळा हिशोब तिथे फोल ठरतो.

१८०/१२० च्या वर आलं आणि छातीत दुखणं, दम, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं, नजर अंधुक होणं यातलं काहीही असेल तर परत मोजत बसू नका, सरळ इमर्जन्सी. आणि ही लक्षणं असतील तर आकडा कमी असला तरी तेच करायचं. त्रास काहीच नसेल तर पाच मिनिटं बसून परत मोजा आणि तरी तेवढंच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

डॉक्टरांकडे जाताना एका पानावर सकाळची सरासरी, संध्याकाळची सरासरी, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी, आणि तो रकाना. मशीनही सोबत न्या, तिथल्या मशीनशी एकदा ताडून बघता येतं आणि पट्टा नीट लावताय का तेही ते सांगतील.