‘थकव्याचा विषाणू सापडला’ ही बातमी पैसे भरण्याआधी कशी तपासायची

वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाला अशी बातमी दिसली की आशा वाटणारच. पण टेस्टचे पैसे भरण्याआधी एक्सएमआरव्ही नावाच्या विषाणूचं प्रकरण आठवा. २००९ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात छापून आलं, की क्रॉनिक फटिग सिंड्रोमच्या (दीर्घकाळ न जाणाऱ्या थकव्याच्या आजाराच्या) १०१ पेशंटपैकी ६८ जणांत हा विषाणू आहे आणि २१८ निरोगी लोकांत फक्त ८ जणांत. डिसेंबर २०११ मध्ये तो लेख मागे घेतला गेला.

आधी बघा, तपासणाऱ्याला नमुना कुणाचा हे माहीत होतं का. पेशंटचं आणि निरोगी माणसाचं रक्त एकाच पद्धतीने घेतलेलं, साठवलेलं आणि एकाच बॅचमध्ये तपासलेलं हवं. २०११ मध्ये नऊ लॅबना नावं झाकून नमुने दिले, तेव्हा पूर्वी पॉझिटिव्ह ठरलेले पेशंट आणि निरोगी माणसं यांतला फरक कुणालाच खात्रीने सांगता आला नाही.

मग भेसळ बघा. इथेच घात होतो. पीसीआर म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून तो शोधणारी टेस्ट; तिच्यात दर फेरीला डीएनए जवळजवळ दुप्पट होतो, म्हणजे चाळीस फेऱ्यांत एका तुकड्याचे लाख कोटी. उंदराच्या डीएनएत या जातीच्या विषाणूंचे तुकडे मुळातच असतात, त्यामुळे टेस्टच्या रसायनात उंदराच्या डीएनएचा लवलेश आला तरी ट्यूब पॉझिटिव्ह दिसते. एक्सएमआरव्ही तर प्रोस्टेटची गाठ उंदरांत वाढवताना, उंदरांतल्याच दोन विषाणूंच्या जोडणीतून तयार झाला होता. म्हणून लेखात दोन गोष्टी शोधा: प्रत्येक बॅचमध्ये नुसत्या पाण्याच्या ट्यूब होत्या का, आणि त्याच नमुन्यात उंदराचा डीएनए वेगळा शोधला का. पाण्याच्या ट्यूब निगेटिव्ह आल्या म्हणून निर्धास्त होऊ नका. भेसळ रक्ताच्या नमुन्यातच असेल तर त्या कोऱ्याच राहतात.

शेवटी, दुसऱ्या कुणाला तेच सापडलं का? २०१२ मध्ये १४७ पेशंट आणि १४६ निरोगी माणसं तपासली, मूळ दावा करणारेही त्यात होते. विषाणू एकातही मिळाला नाही. याचा अर्थ आजार खोटा, असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. चूक टेस्टची होती.

पुण्यात कुठल्या लॅबने ‘थकव्याचं व्हायरस पॅनेल’ सुचवलं, तर ते बाजूला ठेवून फॅमिली डॉक्टरांशी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची टेस्ट), बी-१२, साखर आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची टेस्ट) यांबद्दल बोला. थोड्या श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग गळून जातं का, याची दोन आठवडे वहीत वेळेसकट नोंद ठेवा आणि ती वही सोबत न्या. निदानाला तिचाच जास्त उपयोग होतो.