आधी रिमांडची तारीख सांगा

मी वकील नाही. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात सव्वीस वर्षं वकिलांकडे कारकुनी करतोय. खुनाच्या गुन्ह्यात पोरगा आत गेला की घरचे टेबलाशी येऊन पहिलं विचारतात, "साहेब, जामिनाला किती पैसे लागतील?" मी उलट विचारतो, पहिला रिमांड कधी झाला, म्हणजे कोर्टानं त्याला पहिल्यांदा कोठडीत कधी पाठवलं?

ती तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहा. फाशी, जन्मठेप किंवा 10 वर्षं आणि त्यावरच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर 90 दिवसांत पोलिसांचं दोषारोपपत्र (चार्जशीट) कोर्टात यायला हवं. नाही आलं तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो, मग आरोप खुनाचा का असेना. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं हे कलम 187. आमच्या बाररूममध्ये (वकिलांच्या खोलीत) अजून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलमाच्या आकड्यानं 'एकशे सदुसष्ट दोन'च म्हणतात. मोजणी अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडपासून, आणि तो दिवसही धरून. 5 जानेवारीला रिमांड झाला असेल तर 4 एप्रिलला 90 भरतात (लीप वर्षात एक दिवस आधी). 5 तारखेला कोर्ट उघडताच अर्ज आत गेला पाहिजे. रविवार आला तर सुट्टीच्या कोर्टात जा. दोषारोपपत्र आधी पोचलं की हक्क संपला.

रिमांडचा दिवस धरायचा की नाही, हा वाद सुप्रीम कोर्टानं 2023 मध्ये मिटवला. त्याआधी एका प्रकरणात मी तो दिवस सोडून मोजला. आम्ही अर्ज घेऊन गेलो, तर दोषारोपपत्र आदल्या संध्याकाळीच दाखल झालेलं. पोरगा आणखी चौदा महिने आत राहिला. त्याची आई अजून आठवडी बाजारात भेटते, मीच मान वळवतो.

मोक्का (संघटित गुन्हेगारीचा कायदा) किंवा यूएपीएमध्ये (दहशतवादविरोधी कायदा) ही मुदत 180 दिवसांपर्यंत वाढवता येते आणि एरवीचा जामीनही फार अवघड. तिथे त्याच कायद्यातला जाणता वकील बघा.

दोषारोपपत्र वेळेत आलं, तर गुणदोषांवर, म्हणजे पुरावा किती पक्का आहे हे दाखवून, जामिनाचा अर्ज. जन्मठेपेच्या गुन्ह्यात मॅजिस्ट्रेट सहसा जामीन देत नाहीत (बाई, अल्पवयीन किंवा आजारी आरोपी असेल तर देऊ शकतात), म्हणून सेशन कोर्ट आणि तिथे फेटाळला तर हायकोर्ट. सोलापूरकरांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही; ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच आहे. तपास चालू असताना घाईनं अर्ज टाकू नये, असं माझं मत. आयओचा (तपास अधिकाऱ्याचा) 'से', म्हणजे अर्जावरचं लेखी म्हणणं, ठरलेला असतो: तपास बाकी, साक्षीदारांवर दबाव येईल. दोषारोपपत्राची नक्कल हातात आली की वार कुणी केला, हत्यार कुणाकडून जप्त झालं, तुमच्या माणसाचं नाव कुणाच्या जबाबात आणि किती दिवसांनी आलं, हे ओळीओळीनं वाचता येतं. आधीचे गुन्हे आणि आधी फेटाळलेले अर्ज मात्र वकिलाला पहिल्याच दिवशी सांगा. सरकारी वकिलांच्या तोंडून ते बाहेर आले की कोर्टाचा विश्वास उडतो.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. फोन 15100.

आदेश झाला म्हणजे पोरगा घरी आला, असं नाही. जामीनदार लागतो. काका सातबारा घेऊन येतात आणि त्यातल्या इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा निघतो. म्हणून तारखेआधीच उतारा काढून बघा आणि तहसीलच्या ऐपत दाखल्याची (जामीनदाराची मालमत्ता किती, याचा दाखला) कोर्टात चौकशी करून ठेवा. हाच जामीनदार दुसऱ्या कुणाला राहिलाय का, तेही स्पष्ट विचारा. पाहुणे हे सांगत नाहीत. सोय होत नसेल तर तात्पुरता रोख जामीन मागा. महिना उलटूनही जामीनदार मिळाला नाही तर अट सैल करायचा अर्ज टाका. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं तशी वाट करून दिली आहे.

सुटकेचा आदेश संध्याकाळी उशिरा पोचला तर सुटका दुसऱ्या दिवशी. जेलबाहेर रात्रभर थांबू नका, सकाळी डबा घेऊन या.