थंडीत फीडरवर हमिंगबर्ड? या चुका टाळा

न्यू जर्सीच्या आसपास राहणाऱ्या आपल्या लोकांना उन्हाळ्यात दिसतो तो रूबी-थ्रोटेड हमिंगबर्ड. ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तो बहुतेक दक्षिणेकडे निघून जातो. त्यानंतर, विशेषतः नोव्हेंबरात, फीडरवर (पक्ष्यांसाठी टांगलेल्या साखरपाण्याच्या भांड्यावर) हमिंगबर्ड आला तर नीट बघा. तो अमेरिकेच्या पश्चिमेकडचा रूफस हमिंगबर्ड असू शकतो.

पण फीडर टांगलेलाच नसेल तर तो दिसणार कसा? ‘खायला मिळालं तर पक्षी जायचेच नाहीत’ या समजुतीने अनेक जण सप्टेंबरातच फीडर काढतात. स्थलांतराची ओढ दिवस लहान होऊ लागले की लागते, साखरपाण्याने ती थांबत नाही. निदान नोव्हेंबर संपेपर्यंत फीडर राहू द्या. एक भाग पांढरी साखर, चार भाग पाणी. मध, गूळ, लाल रंग काहीही नको. पाणी गोठत असेल तर फीडर रात्री घरात घ्या आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा बाहेर टांगा. पक्षी पहाटेच भुकेला येतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो नाव ठरवताना. कुशीवर तांबूस रंग दिसला की लगेच ‘रूफस’ लिहून मोकळे होऊ नका. रूफस आणि त्याचाच जवळचा भाऊबंद ॲलन्स हमिंगबर्ड यांच्या माद्या व पिल्लं इतकी सारखी असतात की शेपटीच्या पिसांची रुंदी आणि खाच पाहिल्याशिवाय फरक कळत नाही. म्हणून शेपटी पसरलेली असतानाचे भरपूर फोटो काढा. तेवढ्यानेही खात्री पटली नाही, तर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर ‘रूफस/ॲलन्स’ हा पर्याय निवडा. ती नोंद प्रामाणिक असते, म्हणूनच मोलाची.

गारठ्यात फांदीवर निपचित बसलेला पक्षी मरायला टेकलाय असं वाटून त्याला उचलू नका. ऊर्जा वाचवण्यासाठी तो शरीराचं तापमान उतरवतो. एवढ्याशा जिवाची ताकद पाहा: जानेवारी 2010 मध्ये फ्लोरिडातल्या टालाहासीत पायात ओळखीची कडी घातलेली रूफस मादी त्याच जूनमध्ये अलास्कात सापडली, साडेपाच हजार किलोमीटरहून दूर!

आणि गावाकडून ‘आमच्या बागेत हमिंगबर्ड’ असा व्हिडिओ आला, तर मिशा शोधा. मिशा असतील तर तो पतंग, म्हणजे कीटक. नसतील तर बहुधा शिंजीर. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात.

तुमच्याकडचा पाहुणा खराच वेगळा वाटला, तर पक्ष्यांना कडी घालणाऱ्या परवानाधारकांना लगेच कळवा. पक्षी दुसऱ्याच्या घरी दिसला असेल, तर त्या घरमालकाला विचारल्याशिवाय पत्ता मात्र कुठेही टाकू नका.