आधी एकक, मग वजाबाकी

द्रव्य अक्षय्यतेचा नियम (रासायनिक अभिक्रियेच्या आधीचं आणि नंतरचं एकूण वस्तुमान सारखंच) तोंडपाठ असतो, तरी उदाहरण चुकतं. कारण एक आकडा मिलिग्रॅममध्ये, दुसरा ग्रॅममध्ये.

समजा, 2400 मिलिग्रॅम मॅग्नेशियम पूर्ण जळून 4 ग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड तयार झालं. ऑक्सिजन किती लागला?

1. सगळं ग्रॅममध्ये आणा: 2400 ÷ 1000 = 2.4 ग्रॅम. एकक आकड्यापुढे लिहाच, मनात ठेवू नका.
2. 4 − 2.4 = 1.6 ग्रॅम.
3. आता ताळा. ही पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते. 2.4 : 1.6 म्हणजे 3 : 2, मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये हे प्रमाण ठरलेलं. वेगळं आलं तर आधी दशांशचिन्ह बघा, बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते.

मात्र 3 : 2 हे वस्तुमानाचं प्रमाण आहे. अणूंचं प्रमाण 1 : 1 असतं, त्यात गल्लत करू नका.