पोषणशास्त्र शिकायचंय? खेड्यातून सुरुवात कशी करावी

"जेवाचं शिकाले नागपूरले जाशीन काय वो?" बारावीनंतर मी पोषणशास्त्राला प्रवेश घेतला तेव्हा शेजारच्या मावशींनी विचारलं होतं. प्रश्न रास्तच होता. गावाला डॉक्टर माहीत, नर्स माहीत, मास्तर माहीत. आहारतज्ज्ञ कुणी पाहिलाच नव्हता. तुमच्याही घरी हाच प्रश्न निघणार असेल, तर पुढच्या पायऱ्या आईवडिलांसोबत बसून वाचा.

आधी अंगणवाडीत जा. वजनाच्या दिवशी ताईंना विचारून तासभर बसा. मूल सहा महिन्यांपेक्षा मोठं आणि पाच वर्षांच्या आतलं असेल, तर ताई त्याच्या डाव्या दंडाला, खांदा आणि कोपराच्या बरोबर मध्यावर, रंगीत पट्टी गुंडाळतात. पट्टी घट्ट आवळायची नाही, सैलही सोडायची नाही. माप 11.5 सेंमीच्या खाली गेलं की मूल 'सॅम'मध्ये, म्हणजे अतितीव्र कुपोषित, 11.5 ते 12.5 च्या मध्ये आलं की 'मॅम'मध्ये, म्हणजे मध्यम कुपोषित. एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर एखाद्या लेकराचे उपचार राहून जातात. हे काम पाहून तुमचा जीव त्यात गुंतला, तर पुढे चला.

अकरावीला शक्यतो विज्ञान घ्या, जीवशास्त्रासह. प्रथिनं, विकरं, चयापचय हे सगळं शेवटी रसायनशास्त्रच आहे. काही महाविद्यालयं गृहविज्ञानाला इतर शाखांनाही प्रवेश देतात, पण ते माहितीपत्रकात स्वतः वाचून खात्री करा.

पदवीचं नाव नीट वाचा. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. तालुक्याच्या महाविद्यालयात बी.ए.ला 'गृहअर्थशास्त्र' विषय असतो. मुलीला वाटतं, आपण आहारतज्ज्ञ होणार. तीन वर्षं जातात, मग रुग्णालयाच्या जाहिरातीत बी.एस्सी. आणि त्यावर एम.एस्सी. किंवा आहारशास्त्राचा पदव्युत्तर डिप्लोमा मागितलेला दिसतो. विषय वाईट नाही, पण तो रस्ता वेगळा. रुग्णालयात जायचं असेल तर गृहविज्ञान किंवा अन्न व पोषण या विषयातली बी.एस्सी.च धरा.

नागपूर आणि अमरावती या दोन्ही विद्यापीठांत गृहविज्ञानाचं पदव्युत्तर शिक्षण आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे. पुढे जिद्द असेल तर हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उपयोजित पोषणात एम.एस्सी. देते, 1918 साली कुन्नूरला एका छोट्या प्रयोगशाळेतून सुरू झालेली ही संस्था देशभरच्या आहारमानांचा आधार आहे. घर सोडता येत नसेल, तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचा पोषण व आरोग्य शिक्षणाचा डिप्लोमा आहे. त्यावर आहारतज्ज्ञ होता येत नाही, पण अंगणवाडी ताई किंवा आशाताईला तो फार कामी येतो.

उत्पन्नाचा दाखला आणि जात पडताळणी यांच्या मागे अकरावीतच लागा. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरची शिष्यवृत्ती कागदावाचून अडते.

शिकताना घरचं ताट तोला. मी पहिल्या सुट्टीत आईच्या भाकरीचं पीठ तराजूवर मोजलं. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम प्रथिनं, तूरडाळीत त्याच्या दुपटीहून जास्त. पण खरी गोष्ट पुढे आहे: प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात. त्यातलं लायसिन ज्वारीत कमी पडतं, ते डाळ भरून काढते, डाळीत मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, ते ज्वारी देते. भाकरी-वरण एकत्र का, याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. अंबाडीच्या भाजीवर लिंबू पिळलं तर लोह जास्त शोषलं जातं, जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. जवसाच्या चटणीतलं ओमेगा-3, लाखोळी डाळीचा लकव्याशी जोडलेला इतिहास, असा अभ्यासक्रम आपल्या चुलीपाशीच पडलेला आहे.

मग इंटर्नशिप. भारतीय आहारशास्त्र संघटनेची नोंदणीकृत आहारतज्ज्ञाची परीक्षा द्यायची तर रुग्णालयात 6 महिने काम करावं लागतं. माझी चूक सांगते. मधुमेह असलेल्या एका आजींना मी पुस्तकातला तक्ता दिला: ओट्स, ब्रोकोली. पुढच्या वेळी त्या म्हणाल्या, "बाई, दुकानात नाई भेटलं, म्हून काईच नाई खाल्लं सकायी." औषध घेऊन उपाशी राहिल्या होत्या. त्यानंतर मी आधी विचारते, घरी काय शिजतं, कोण शिजवतं, वावरात किती वाजता जाता. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही विचारावाच लागतो. अशा रुग्णाला तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या सुचवायच्या नाहीत.

नोकऱ्यांबद्दल स्पष्ट बोलते. रुग्णालयं आणि कुपोषित मुलांवर उपचार करणारी पोषण पुनर्वसन केंद्रं ही पहिली जागा. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली पदं बहुतेक कंत्राटी असतात, पगार सुरुवातीला बेताचा. एकात्मिक बालविकास योजनेत मुख्य सेविका आणि एमपीएससीतून बालविकास प्रकल्प अधिकारी होता येतं. नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा देऊन महाविद्यालयात शिकवता येतं. खाद्य उद्योग, जिम, स्वतःचं क्लिनिक हे शहरात जास्त चालतं. मेळघाट-गडचिरोलीत काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना मात्र स्थानिक बोली येणारी माणसं हवी असतात. कोरकू, गोंडी किंवा आपली वऱ्हाडी येत असेल तर ते अर्जात ठळक लिहा.