लिनक्सचं पॉवर बटण आणि नीट शटडाऊन: या चुका टाळा

"बटण दाबलं तरी लिनक्स बंद होत नाही" असं कोणी म्हटलं की मी आधी एकच विचारतो, किती वेळ दाबलं? उत्तर बहुतेक वेळा तेच, बंद होईपर्यंत धरून ठेवलं. अहो तीच तर सगळ्यात मोठी चूक आहे. बटण एकदा दाबून सोडलं की एसीपीआयतर्फे (हार्डवेअर आणि सिस्टीममधली पॉवरची ठरलेली भाषा) कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला निरोप जातो, मग चालू प्रोग्राम थांबतात, मेमरीत राहिलेलं डिस्कवर लिहिलं जातं, फाइलसिस्टीम अनमाउंट होते, म्हणजे डिस्क नीट मिटली जाते आणि शेवटी पॉवर जाते. चार सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवलं तर हार्डवेअर थेट पॉवर तोडतं, लिनक्सला कळतही नाही. म्हणजे चालू मशीनची वायर उपटल्यासारखंच झालं.

एका ओळखीच्या ऑफिसात बिलिंगचं मशीन होतं, तिथे कित्येक महिने रोज संध्याकाळी बटण असंच धरून बंद करायचे. चालत होतं, म्हणून कोणी काही बोललं नाही. एक दिवस सकाळी डेटाबेस उघडेना. एफएससीकेने (डिस्कवरची फाइलसिस्टीम तपासणारी कमांड) फाइलसिस्टीम दुरुस्त केली पण डेटाबेसची टेबलं तुटली ती तुटलीच, शेवटचा बॅकअप अकरा दिवसांपूर्वीचा, आणि दोन माणसं कागदी बिलं पुढ्यात घेऊन सगळं परत टाइप करत बसली. मला ते बघून खरंच वाईट वाटलं, कारण बटण धरून ठेवायची सवय त्यांना हौसेने लागली नव्हती. नुसतं दाबलं की मशीन बंद न होता सस्पेंड व्हायचं, म्हणजे झोपी जायचं, म्हणून कंटाळून धरायला लागले.

आणि इथेच दुसरी चूक. त्यांच्याकडे आधी कोणीतरी येऊन लॉगइनडी डॉट कॉन्फमध्ये (लॉगइनडी म्हणजे लॉगइन आणि पॉवर बटण सांभाळणारी सर्व्हिस, ही तिची सेटिंग फाइल) हँडलपॉवरकी = पॉवरऑफ, म्हणजे बटण दाबलं की बंद हो, असं लिहून गेला होता. ओळ अगदी बरोबर होती, पण उपयोग शून्य, कारण मशीनवर ग्नोम हा डेस्कटॉप चालू होता. ग्नोम सुरू झालं की ते सिस्टमडीकडून (सगळ्या सर्व्हिसेस चालवणारा मुख्य प्रोग्राम, लॉगइनडी त्याचाच भाग) पॉवर बटणाचा इनहिबिटर लॉक घेतं, म्हणजे बटणाचं काय करायचं ते मी बघते, तू हात लावू नकोस. मग लॉगइनडी आपल्या फाइलमध्ये काहीही असलं तरी गप्प बसतं. सिस्टमडी-इनहिबिट या कमांडने लिस्ट काढली की लॉक कोणाकडे आहे ते नावासकट दिसतं, दहा सेकंदांचं काम, पण ते न करता लोक दोन दोन तास फाइल खरवडत बसतात. काहीजण पॉवरकीइग्नोरइनहिबिटेड = यस टाकतात, त्यानेही हा लॉक सुटत नाही, ती सेटिंग वेगळ्या लॉकसाठी आहे. उपाय साधा आहे: ग्नोमच्या सेटिंग्जमध्ये पॉवरमध्ये जाऊन बटणाचं काम पॉवर ऑफ करा. मग दाबल्यावर विचारणारी खिडकी येते, कोणी काही केलं नाही तर 60 सेकंदांनी मशीन आपोआप बंद होतं. केडीई आणि एक्सएफसीई हे डेस्कटॉप पण बटण असंच आपल्या ताब्यात घेतात, तिथे त्यांच्या त्यांच्या पॉवर सेटिंग्ज बघा. डेस्कटॉप नसलेल्या सर्व्हरवर मात्र लॉगइनडीचंच चालतं.

माझी सवय सांगतो. काहीही बदलायच्या आधी जर्नलसीटीएलला (सिस्टीमचा लॉग दाखवणारी कमांड) -एफ लावून, म्हणजे नवीन ओळी येतील तशा दिसतील असं, टर्मिनल उघडं ठेवायचं आणि बटण एकदा दाबायचं. "पॉवर की प्रेस्ड" असं आलं तर निरोप पोचतोय, गडबड सेटिंगमध्ये आहे. काहीच आलं नाही तर इव्हटेस्टने (बटण दाबल्याचे संकेत थेट दाखवणारी कमांड) बघायचं, तिथेही शांतता असेल तर कॅबिनेटच्या बटणाची मदरबोर्डवरची वायर तपासा, कॉन्फिग फाइलने वायर जोडली जात नाही.

बाकीच्या पटापट. सेटिंग फाइलमधल्या ओळीपुढचा हॅश (#, तो असेल तर ओळ वाचलीच जात नाही) न काढताच सेव्ह करणं, हे अजून होतं. फाइल बदलली आणि लॉगइनडी चालू डेस्कटॉपवरूनच रिस्टार्ट केलं तर कधीकधी सेशन उडतं, मी सरळ रीबूट करतो. जुन्या ब्लॉगवर बघून एसीपीआयडी (बटण ऐकणारी जुनी वेगळी सर्व्हिस) टाकू नका, एकाच बटणाला दोन मालक होतात. व्हर्च्युअल मशीनला बाहेरून शटडाऊन पाठवलं तरी आत बटण ऐकणारं कोणी नसेल तर ते ढिम्म हलत नाही.

आता घाईवाल्यांचं. शटडाऊनला एखादी सर्व्हिस अडली तर सिस्टमडी तिला साधारण 90 सेकंद देतं आणि मग मारून टाकतं. तेवढा धीर नसतो म्हणून लोक डीफॉल्टटाइमआउटस्टॉपसेक, म्हणजे थांबायची ही मुदत, पाच सेकंदांवर आणतात, हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. डेटाबेसला आवरायला वीस सेकंद लागत असतील आणि तुम्ही पाचव्या सेकंदाला मारलंत तर बटण धरून ठेवण्यात आणि यात फरक काय राहिला? पुढच्या बूटला जर्नलसीटीएल -बी -1 (म्हणजे मागच्या वेळचा लॉग) लावून शेवटच्या ओळी वाचा, कोण अडलं ते तिथे लिहिलेलं असतं, त्या एका सर्व्हिसचं बघा. त्या ऑफिसात मी सगळं नीट करून झाल्यावर कॅबिनेटवर कागद चिकटवला, "एकदा दाबा, सोडा, लाइट जाईपर्यंत थांबा", तो अजून तिथेच आहे.