मोटारसायकलची चेन साफ करताना घ्यायची काळजी

चेनच्या कामात बोटे गमावण्याचे मुख्य कारण म्हणजे इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चाक फिरवणे. त्यामुळे किल्ली काढून, गाडी न्यूट्रलमध्ये मधल्या स्टँडवर उभी करावी आणि चाक हातानेच, टायरला धरून, उलट दिशेने फिरवावे.

मऊ ब्रश रॉकेलमध्ये किंवा चेन क्लीनरमध्ये बुडवून कड्या चारही बाजूंनी घासाव्यात. पेट्रोल मात्र वापरू नये, कारण ते चटकन पेट घेते आणि ओ-रिंग असलेल्या चेनमधील रबरी कड्यांनाही अपाय करते. तारेच्या ब्रशनेही त्या फाटतात, आणि मग कारखान्यातच भरलेले आतले ग्रीस बाहेर पडते. ते पुन्हा भरता येत नाही.

चेन फडक्याने कोरडी केल्यावर खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूने ९० नंबरचे गिअर ऑइल थेंबथेंब सोडावे, म्हणजे चाक फिरताना ते बाहेरच्या दिशेने पसरते. जास्तीचे तेल पुसणे हे कंटाळवाणे वाटले तरी टाळू नये, कारण टायरवर उडालेले तेल गाडी घसरवू शकते आणि ब्रेक डिस्कवर उडालेल्या तेलाने ब्रेक नीट लागत नाही.

साधारण ५०० किलोमीटरनंतर, पावसाळ्यात त्याआधीही, हे करावे.